सूर्यदेवीचं दोन वेळचं जेवण

पहाटे पाच

जुलैचा शेवटचा आठवडा. जपानच्या मिए प्रांतातल्या इसे शहरात या दिवसांत पाचच्या सुमारास सूर्य वर येतो. त्याच सुमारास गेकु देवस्थानाच्या आवारात पांढऱ्या कपड्यांतला एक पुजारी लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडत असतो. खाली हिनोकीची फळी, फळीत खाच, खाचेत यामाबिवाच्या लाकडाची उभी दांडी आणि दांडीला दोरीनं अडकवलेली आडवी पट्टी. पट्टी खाली दाबली की दांडी गरगर फिरते, दोरी उलट्या बाजूनं गुंडाळली जाते, की पुन्हा दाबायची. असं दाबत राहायचं. हळूहळू खाचेतून धूर यायला लागतो, काळपट भुसा साठतो आणि त्या भुशात ठिणगी धरते. ती विझू न देता तिचा जाळ करायचा आणि चुलीला लावायचा. अरणीमंथन आपण यज्ञाच्या वर्णनात वाचतो. इथं ते रोजचा भात शिजवण्यासाठी होतं.

या स्वयंपाकघराचं नाव इमिबियादेन. सोवळ्याच्या अग्नीचं घर. इथं शिजतं ते सूर्यदेवी आमातेरासुचं सकाळचं जेवण.

दुसरा पुजारी एव्हाना पाण्याला गेलेला असतो. आवारातच कामिनोमिइ नावाची विहीर आहे. ती स्वतःच एक देवस्थान आहे आणि तिच्याजवळ बाहेरच्या माणसाला जाऊ देत नाहीत. तिचं पाणी देवलोकातून आणलं अशी कथा सांगतात. विस्तव नवा, पाणीही ताजं. कालचं काहीही चालत नाही.

आजच्या पाळीचे पुजारी पाच. ते काल संध्याकाळीच घरदार सोडून साइकान नावाच्या निवासात येऊन राहिले आहेत. स्नान झालं आहे, बाहेरच्या जगाशी संबंध तोडला आहे. देवीला जेवू घालायचं तर आदल्या रात्रीपासून अंगानं आणि मनानं स्वच्छ राहायचं, हा नियम.

सूर्यदेवी म्हटलं की कल्पनेतल्या जगांत काय काय असतं! तळपती तलवार, सोन्याचे कळस, रणांगणावर शत्रूला जाळणारे किरण. इसेची देवी मला त्याहून फार मोठी वाटते, कारण ती संसारी आहे. 'कोजिकी' हा ग्रंथ इसवी सन ७१२चा आणि 'निहोन शोकी' ७२०चा. त्यांत ही देवी स्वर्गात भातशेती करते, नव्या पिकाचा सण पाळते, तिच्या घरी माग आहे आणि त्यावर देवांची वस्त्रं विणली जातात. अशा देवीची भक्ती करायची तर तिच्या घरातलं काम अंगावर घ्यावं लागतं, आणि इसेत नेमकं तेच केलं जातं.

साडेपाच

स्वयंपाक गेकुत चालला असला तरी देवी स्वतः तिथं राहत नाही. तिचं घर नाइकु या इसेच्याच दुसऱ्या देवस्थानात, सुमारे पाच किलोमीटरवर, इसुझु नदीच्या काठी. तिथली वाट पहाटे पाचलाच खुली झाली आहे. बाहेरच्या ओहाराइमाची रस्त्यावर आकाफुकु हे १७०७ सालापासूनचं मिठाईचं दुकानही पाचलाच उघडतं. मऊ भाताच्या मोचीवर गोड घेवड्याचं पुरण, आणि त्यावर बोटांनी ओढलेल्या रेघा म्हणजे इसुझुचं वाहतं पाणी.

नदीवर उजी पूल. लांबी शंभर मीटरच्या थोडी वर, सगळा लाकडी. दोन्ही टोकांना तोरिइ, म्हणजे उभ्या दोन खांबांची कमान. डिसेंबरात, सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, सूर्य बरोबर या कमानीच्या मधून वर येतो आणि ते बघायला पुलाच्या अलीकडे थंडीत गर्दी उभी राहते. जुलैत सूर्य तसा सापडत नाही. पण पहाटेच येणारी माणसं आहेतच. बरीचशी गावातली, रोजची. पुलाआधी थांबून वाकतात, पलीकडे गेल्यावर नदीच्या दगडी घाटावर हात धुतात आणि पुढे निघतात.

झाडांमधून कोंबडे हिंडत असतात. कुणी त्यांना हाकलत नाही, कारण कथेत त्यांचं मोठं काम आहे. धाकटा भाऊ सुसानोओ यानं देवीच्या भातशेतीचे बांध फोडले, सणाचं घर विटाळलं, मागाच्या घराचं छप्पर फोडून सोललेला घोडा आत टाकला. देवी गुहेत जाऊन बसली आणि जग काळोखात बुडालं. तेव्हा देवांनी कोंबडे जमवून आरवायला लावले. आमेनोउझुमे नावाची दुसरी एक देवी पालथ्या घातलेल्या भांड्यावर पाय आपटत नाचली, सगळे देव खदखदून हसले. बाहेर एवढं हसतंय कोण, म्हणून देवीनं दगड जरासा सरकवला. समोर आरसा धरलेला होता. ती आणखी पुढे झाली आणि दाराआड टपलेल्या ताकदवान देवानं तिला हात धरून बाहेर ओढलं.

या भांडणात भावानं जे जे मोडलं ते शेताचं, सणाचं आणि मागाचं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. संसार मोडला म्हणून सूर्य गेला. आणि तो परत आला तो लढाईमुळे नाही, हसण्यामुळे.

आठ

एप्रिल ते सप्टेंबर देवीचं सकाळचं जेवण आठला. इकडे गेकुत इमिबियादेनसमोर नैवेद्य आणि पुजारी दोन्ही मिठानं शुद्ध केले जातात. मग मिरवणूक निघते. मिरवणूक म्हणायचं खरं, पण माणसं पाचच. नैवेद्याच्या पेट्या उचललेल्या, पायांत काळे लाकडी जोडे, खडीवर त्यांचा करकर आवाज. वाद्य नाही, घोष नाही. वाटेत कुणी भाविक असेल तर तो बाजूला होऊन मान खाली घालतो. बघता बघता ते मुख्य देवळाच्या कुंपणाआड दिसेनासे होतात.

आत, ईशान्येच्या कोपऱ्यात, मिकेदेन आहे. देवांचं जेवणघर. आमातेरासुचं ताट मांडायचं, गेकुतल्या तोयोउके देवीचं मांडायचं, त्यांच्या सोबतच्या देवांचंही मांडायचं. ताटात असतं काय? भाताच्या तीन मुदी. सुकवलेला कात्सुओ मासा. आणखी एक मासा, पण उन्हाळ्यात तोही सुकवलेलाच. समुद्रातलं शेवाळ, भाजी, फळ, मीठ, पाणी, तांदळाच्या मद्याचे तीन घोट. आणि काड्या, कारण जेवायचं तर काड्या हव्यातच. भांडी बिनझिलईच्या मातीची. मसाला नाही, तळण नाही, सजावट नाही. राजवाड्याचं म्हणून यात काही नाही. समुद्राकाठच्या चांगल्या शेतकऱ्याच्या घरी सकाळी असावं ते जेवण.

मुख्य पुजारी प्रार्थना म्हणतो, देशात शांतता राहो, माणसं सुखी राहोत. मग आठ वेळा वाकणं आणि आठ टाळ्या. ताटं उचलली जातात. झालं.

देवीचं जेवण तिच्या घरी न होता पाच किलोमीटरवर का, याचं उत्तर ८०४ साली गेकुच्या पुजाऱ्यांनी लिहिलेल्या एका नोंदीत आहे. आमातेरासु सम्राट युर्याकुच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, मी इथं एकटी आहे, मला सुखानं जेवता येत नाही, तांबा प्रांतातून तोयोउकेला माझ्याकडे आणा. तोयोउके ही अन्नाची देवी. तिला आणलं, तिच्यासाठी गेकु बांधलं, आणि तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ जेवणाचा रिवाज पडला. परंपरेनं ते साल ४७८ धरतात. म्हणजे सांगण्याप्रमाणे दीड हजार वर्षं. इतिहासकार त्या सालावर वाद घालतील आणि घालावाच. मला मात्र त्या मागणीनं गलबलून येतं. जिच्यावाचून जगात उजेड नाही ती देवी एकटीनं घास उतरत नाही म्हणते, आणि माणसं ते ऐकून तिच्यासाठी सोबत शोधायला निघतात. देवीबद्दल इतकं घरगुती, इतकं खरं वाक्य लिहिणारा तो पुजारी कोण असेल!

दहानंतर

आता गर्दी. बसगाड्या येतात, छत्र्या उघडतात, मुलं पाण्यासाठी रडतात. नाइकुत मोठ्या देवदारांमधली खडीची वाट चढून गेलं की दगडी पायऱ्या लागतात. त्या पायऱ्यांच्या पुढे फोटो काढायला बंदी. वर कमानीत पांढरा पडदा टांगलेला. त्याच्यामागे कुंपणं, एकात एक अशी चार, आणि त्यांवरून दिसतं ते गवती छप्पर आणि त्यावरचे आडवे ओंडके. बस. आपल्याला देवाच्या डोळ्याला डोळा भिडवायची सवय, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्याला इथं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. गाभाऱ्यात गुहेसमोर धरलेला तो आरसा आहे असं मानतात. तो भाविकांना दाखवत नाहीत. वाऱ्यानं पडदा हलला तर आतलं अंगण क्षणभर दिसतं, आणि लोक त्यालाच देवीची कृपा समजतात.

दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. इथं स्वतःसाठी काही मागू नये, नुसते आभार मानावेत, असं जुनी माणसं सांगतात. मागणं असलं तर त्याच आवारात आरामात्सुरिनोमिया हे वेगळं देऊळ आहे, कागुरा नृत्याचं सभागृह आहे. मुख्य दारात मात्र हात पसरायचा नाही. पूर्वी तर सम्राटाखेरीज कुणी नैवेद्यही वाहू शकत नसे.

या रांगेत तरुण पोरंपोरीही असतात. त्यांतल्या काहींना आमातेरासु पहिल्यांदा भेटलेली असते ती पांढऱ्या लांडग्याच्या रूपात. कॅपकॉमच्या 'ओकामी' या २००६ सालच्या व्हिडिओ गेममध्ये देवी लांडगी होऊन 'निप्पोन' नावाच्या काल्पनिक देशात फिरते. ब्रशनं आकाशात एक गोल काढला की रात्रीचा दिवस होतो. वाटेत ती सुकलेली झाडं फुलवते, भुकेल्या जनावरांना दाणापाणी घालते, आणि त्यातून मिळालेल्या श्रद्धेवर तिची शक्ती वाढते. शेवटी ती अंधारात हरते तेव्हा वाटेत भेटलेली माणसं तिची आठवण काढून प्रार्थना करतात आणि ती उठते. हा खेळ रचणाऱ्यांना जुनी गोष्ट नीट उमगली होती असं मी म्हणेन. तिथं देवी सगळ्यांना खाऊ घालते, इथं माणसं तिला. दोन्हीकडे सूर्य एकटा पुरा पडत नाही.

दुपारी एक

देवळापासून दूर, फुतामीत, इसुझु समुद्राला मिळते त्या भागात या वेळी सगळ्यांत अवघड काम चाललेलं असतं. मिशिओहामा हे देवीचं मिठागर. वर्षातले फक्त हे भर उन्हाळ्याचे दिवस त्याच्या कामाचे. नदीचं गोडं आणि समुद्राचं खारं पाणी मिसळतं अशी ही जागा. भरतीचं पाणी आत घेतलेलं असतं, वाळू पसरलेली असते. ऊन वाळूतलं पाणी ओढून घेतं आणि मीठ वाळूच्या कणांना चिकटून राहतं. मग लांब दांड्याच्या दाताळ्यानं ती वाळू उलटायची, वाळवायची, ओढून गोळा करायची. गोळा केलेली वाळू गाळणीच्या खड्ड्यात भरायची आणि वरून पाणी ओतायचं. खालून निथळतं ते दाट खारं पाणी.

टोपी घातली तरी डोकं तापतं. वाळूवरून परतणारी धग खालून भाजते. सावली नाही, कारण सावली पडली तर मीठ होणार नाही. ज्या देवीसाठी मीठ काढायचं तिचंच ऊन डोक्यावर घेऊन ते काढायचं. पूजा कशाला म्हणायचं हे कुणी विचारलं तर मी त्याला मंत्र ऐकवायला नेणार नाही, जुलैत दुपारी एकला इथं आणीन.

हे दाट पाणी पिंपांतून मिशिओदोनो या मिठाच्या देवळात जातं आणि तिथं मोठ्या लोखंडी कढईत आटवलं जातं. तयार होतं ते भरड, ओलसर मीठ. ते भाताच्या पेंढ्याच्या पोत्यात राहतं.

मीठ असं, तर बाकीचंही असंच. तांदूळ कुसुबेच्या देवशेतातला, इसुझुच्या पाण्यावरचा, सप्टेंबरात कापणीला येणारा. भाजी आणि फळं फुतामीच्या देवमळ्यातली. मातीची भांडी मेइवाची. त्या भांड्यांत देवीला एकदा वाढलं की ती पुन्हा वापरत नाहीत, फोडून मातीत मिसळतात. रेशमी आणि तागाच्या जातीचं कापड मात्सुसाकाजवळच्या मागाच्या देवळांत वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरात, विणलं जातं. मोठ्या सणांना लागणारं आवाबी, हे शिंपल्यातलं मांस, तोबाजवळच्या कुझाकीचं. तिथल्या आमा म्हणजे दम धरून समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायका. एवढ्या गावांचे हात एका ताटाला लागतात. भट-पुजाऱ्यांच्या याद्यांत ही माणसं नसतात, पण देवीचं घर चालतं ते यांच्यावर.

चार

दुसरं जेवण. तीच पाच माणसं, तीच वाट, तेच पदार्थ, त्याच आठ टाळ्या.

देवीच्या सेवेला पूर्वी फक्त पुजारीच नसत. ज्या काळात हे देवस्थान राजघराण्याच्या थेट हातात होतं, त्या काळात सम्राटाच्या घरातली अविवाहित मुलगी देवीच्या सेवेला पाठवत. तिला साइओ म्हणत. सातव्या शतकापासून चौदाव्यापर्यंत साठांहून जास्त मुली आल्या. राहायच्या त्या आजच्या मेइवातल्या वाड्यात, आणि इसेला यायच्या वर्षातून तीनदा. काही अगदी लहान होत्या. आईबाप सोडून आलेल्या त्या मुलींचं काय झालं असेल, याचा विचार केल्याशिवाय मला या देवळाचं वैभव बघता येत नाही.

नंतर सामान्य लोक आले आणि ते लोंढ्यानं आले. १७०५, १७७१, १८३० या वर्षांत लाखो माणसं इसेला चालत निघाली. नोकर मालकाला न सांगता, मुलं आईबापांना न सांगता. १८३० साली लोक हातात लाकडी पळी घेऊन निघाले आणि गावोगावच्या घरांनी त्यांना जेवू घातलं. ज्यांना स्वतःला जमलं नाही त्यांनी कुत्र्याच्या गळ्यात पैसे बांधून त्याला पाठवलं, आणि रस्त्यातल्या अनोळखी लोकांनी त्या कुत्र्याला खायला देत देत पोचवलं. १८६८नंतर सरकारनं या भक्तीला राष्ट्राच्या दावणीला बांधलं आणि १९४५पर्यंत युद्धासाठी देवीचं नाव वापरलं. मला वाटतं, पळी घेऊन चालणाऱ्यांची आणि त्यांना वाढणाऱ्यांची देवी त्या काळात हरवली होती.

सात

उन्हाळ्यात नाइकु सातला बंद होतं. शेवटची माणसं उजी पुलावरून परततात आणि रखवालदार फेरी सुरू करतात.

देवळाच्या शेजारी तेवढ्याच आकाराची मोकळी जागा आहे. पांढरी खडी पसरलेली, मधे एक छोटीशी लाकडी छपरी. देवीचं पुढचं घर तिथं होणार आहे. दर वीस वर्षांनी हे घर शेजारच्या जागी जसंच्या तसं नव्यानं बांधतात. पहिल्यांदा ६९० साली. मधे यादवीच्या काळात १२० वर्षांहून जास्त खंड पडला, पण पुन्हा सुरू झालं. बासष्टावं २०१३ साली झालं, त्रेसष्टावं २०३३ साली व्हायचं आहे आणि त्याचे विधी २०२५च्या मे महिन्यात सुरू झाले. खांब थेट जमिनीत पुरलेले आणि छप्पर गवताचं असल्यामुळे घर फार टिकत नाही. पण दगडी पाया घालायला माणसांना येत नव्हतं असं नाही. वीस वर्षांत शिकाऊ सुतार कारागीर होतो, कारागीर उस्ताद होतो. १५७६ वस्तू नव्यानं घडवायच्या असतात, तलवारींपासून वस्त्रांपर्यंत. घर दगडाचं असतं तर हे हात कधीच विसरले असते.

लाकूड लागतं ते हिनोकीचं, सुमारे दहा हजार झाडांचं. देवस्थानाच्या स्वतःच्या जंगलात १९२३ साली दोनशे वर्षांची योजना आखून हिनोकी लावायला घेतले. लावणाऱ्यांना माहीत होतं की पुऱ्या वाढलेल्या झाडाचं लाकूड आपल्याला दिसणार नाही. २०१३ साली लागलेल्या लाकडाचा सुमारे पाव हिस्सा या जंगलातला होता. जुन्या घराचं लाकूडही वाया जात नाही. उजी पुलाच्या कमानी जुन्या देवळांच्या खांबांच्याच.

रात्री आठ

२०१३च्या ऑक्टोबरात देवी याच वेळी नव्या घरी गेली. सगळे दिवे मालवले होते. निघण्याआधी एका पुजाऱ्यानं कोंबड्यासारखी तीनदा हाळी दिली. नाइकुत ती 'काकेकोऽ' अशी देतात, गेकुत 'काकेरोऽ' अशी. मग पांढऱ्या रेशमी पडद्याच्या आडोशानं देवीला नेलं.

आज तसलं काही नाही. साइकानमध्ये उद्याच्या पाळीचे पाच जण आले आहेत. स्नानं उरकली आहेत, कपडे घडी घालून ठेवले आहेत. पहाटेचं काम असल्यामुळे सगळे लवकर झोपतात.

फुतामीतलं काम हवामान बघून आणखी काही दिवस चालेल. ऑक्टोबर लागला की दिवस आखडतो आणि देवीच्या जेवणाच्या वेळाही आखडतात, आठचे नऊ होतात आणि चारचे तीन. त्याच महिन्यात कान्नामेसाइ, नव्या भाताचा सण, तेव्हा देवीला रात्री दहाला आणि पहाटे दोनला जेवण वाढतात. आज वाळूवर धरलेलं मीठही तोवर पोत्यातून बाहेर निघेल, मातीच्या त्रिकोणी साच्यांत ठासून भरलं जाईल आणि भट्टीत भाजून त्याचे घट्ट सुळके होतील. त्या कामाला पाच दिवस लागतात.